माहेरचा वाटा

कोजागिरीच्या दिवशी सकाळी सासूबाई फुलल्या आणि माझ्या हातातला चहाचा कप पायरीवर पडून फुटला.

या सासूबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आई नव्हे. त्या परतवाड्याला धाकट्या दिरांकडे असतात, आणि लांब असल्यामुळे आमचं उत्तम चाललंय. या सासूबाई म्हणजे एक रोप. उंची बोटाच्या पेराएवढी, घेर बशीएवढा. दगडाच्या फटीत रुतून बसलेली, रुपेरी पानांची एक टणक उशी. कूळ सॅक्सिफ्रेज, आपल्याकडे मूतखड्यावर देतात त्या पाषाणभेदाची लांबची बहीण. ही हिमालयात उंचावर, खडकांच्या भेगांत राहते. हिवाळाभर बर्फाखाली झोपते आणि बर्फ वितळलं की अंगभर गुलाबी फुलते. माझ्याकडे आल्यावर मात्र ती वर्षानुवर्षं फुललीच नाही. जागा अडवून बसायची. मरायची नाही आणि हसायचीही नाही. तेव्हा माझ्या नवऱ्याने, प्रफुल्लने, तिला हे नाव ठेवलं. स्वतःच्या आईवरून. मी ठेवलं असतं तर महाभारत झालं असतं.

आणि आता ती ऑक्टोबरात फुलली होती. हिवाळा यायच्या आधीच.

आम्ही चिखलदऱ्याला राहतो. प्रफुल्लची कॉफी भाजायची भट्टी आहे, मी पर्यटकांसाठी तीन खोल्या चालवते. माझ्या लहानपणी इथे डिसेंबरात गवतावरचं दव गोठायचं. आता स्वेटर कपाटातून निघतो, गावात एक चक्कर मारतो आणि परत जातो. अशा गावात हिमालयातली झाडं लावायचा नाद मला कुठून लागला, हे विचारू नका. कॉलेज मी पाहिलं ते मुलीला सोडायला गेले तेव्हा. पण गवळ्यांच्या वस्तीत प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि म्हशींना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोणी उकिरड्यावर पडल्या, त्या मला बघवल्या नाहीत. एक घरी आणली, मग दुसरी. तळाला भोक पाडून विटांचे तुकडे टाकले, वर रेती, बारीक खडी आणि नावापुरती पालापाचोळ्याची माती. त्यात चपटे दगड उभे रोवून मध्ये फटी ठेवल्या, आणि फटींत रोपं.

ही झाडं लाडाने मरतात. खत घातलं की लुसलुशीत होतात आणि कुजतात. त्यांना उपाशी ठेवायचं, गळ्यापर्यंत खडी भरायची, पावसाळ्यात डोक्यावर पत्रा द्यायचा आणि चारही बाजूंनी वारा खेळू द्यायचा. हे सगळं मी चुका करत, झाडं मारत शिकले. फक्त थंडी मला देता येत नव्हती.

थंडी का लागते, हे मला माझ्या मुलीने समजावलं. ईश्वरी तेव्हा पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकत होती. याच पायरीवर बसून, माझ्या ओढणीची घडी घालत तिने सांगितलं होतं:

"आई, झाडाच्या शेंड्यात एक जनुक असतो. तो ब्रेक असतो. तो चालू आहे तोवर झाड फुलत नाही. थंडी पडली, आणि बरेच आठवडे टिकली, की तो भाग असा हळूहळू दुमडत जातो. एक घडी, दुसरी घडी. पूर्ण दुमडला की ब्रेक बंद. मग मध्ये चार दिवस ऊन पडलं तरी घडी उलगडत नाही. झाडाला हिवाळा आठवतो."

"आणि बियांना?"

"बी तयार होताना सगळ्या घड्या उलगडतात. प्रत्येक बी कोरं. त्याला स्वतःचा हिवाळा बघावा लागतो."

मला ते फार आवडलं होतं. आईने सोसलेलं लेकीला फुकट मिळत नाही, असं झाडांतही असतं तर!

म्हणजे मार्ग एकच होता. हजारातलं एखादं बी जन्मतःच ढिल्या ब्रेकचं निघतं, थोड्याशा थंडीत दुमडणारं. ते शोधायचं. मी दरवर्षी पहाडातून आलेलं बी पेरत गेले आणि न फुललेली रोपं फेकत गेले; एकट्या सासूबाईंना फेकायला तेवढा हात धजला नाही. आमच्या खडकफुलं मंडळातले लोक हसायचे. मंडळ म्हणजे अमरावती-नागपूरकडची माझ्यासारखीच काही खुळी मंडळी. कुणी कुंड्या संत्र्यांच्या शीतगृहात ठेवायचे आणि फळांच्या वायूने कळ्या जळाल्या की रडायचे. कुणी घरच्या फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी ठेवायचे आणि घरच्यांच्या शिव्या खायचे.

तीन वर्षांपूर्वी, फाल्गुनात, सासूबाई हसल्या. बशीभर गुलाबी फुलं. शीतगृह नाही, फ्रिज नाही, फक्त चिखलदऱ्याची ती तुटपुंजी थंडी. प्रफुल्लने गावभर कॉफी पाजली. मंडळाचे खंडारे सर अमरावतीहून मोटारसायकलवर आले, डोणीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "रेणुकाताई, हे तुम्ही घडवलंत." मी तोंडाने "छे हो" म्हटलं आणि मनात म्हटलं, हो, मीच.

मंडळाचा एक रिवाज आहे. कुणाचं झाड फुललं की त्याच्या बियांचा पहिला वाटा झाडाच्या माहेरी पाठवायचा, म्हणजे मुळात ते जिथून आलं तिथे. आधी माहेर, मग बाकीचे. सासूबाईंचं माहेर किन्नौरमधलं एक गाव. तिथल्या पद्मा नेगीने मला मूळ बी दिलं होतं. तिच्या गावात सफरचंदाच्या बागांभोवती दगडी बांध आहेत आणि त्या बांधांच्या फटींत या उशा आहेत, काही तिच्या आजीच्याही आधीच्या, ताटाएवढ्या. सफरचंदाच्या आधी त्या फुलतात आणि थंडीतून उठलेल्या मधमाश्यांचं पहिलं जेवण होतात. पण आता तिथलेही हिवाळे आखडले. उशा एखाद्याच वर्षी फुलतात. मधमाश्या उपाशी, बागा रिकाम्या.

म्हणून माझ्या बियांची तिथे वाट बघितली गेली. त्यांची रोपं आता रुपयाच्या नाण्याएवढी झाली होती आणि हिमवर्षावाआधी बांधांत बसवायची होती. फटी तेवढ्याच. शिवाय जुन्यांचे परागकण मिसळले तर नवा गुण पातळ होईल, असं मीच पद्माला बजावलं होतं. तेव्हा जुन्या उशा काढायच्या, असं ठरलं होतं. दोनच दिवसांपूर्वी तिचा निरोप आला होता: "दीदी, ऊपरवाली दीवार साफ हो गई."

आणि आज माझ्यासमोर, घाम येणाऱ्या ऑक्टोबरात, सासूबाई फुलल्या होत्या.

"प्रफुल्ल! इकडे ये."

तो भट्टीवरून हात पुसत आला. "काय झालं व? कप काऊन फोडला?" मग डोण बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे बाप्पा! पुन्हा हसली बुढी! पेढे आणू का?"

"आत्ता फुलायचं काय कारण आहे तिला?"

"तुझ्या हाताला यश आहे म्हणून."

मी वाकून नीट बघितलं. पहिली डोण पूर्ण फुललेली. दुसरी अर्धीच. फुलांची एक सरळ रेघ होती. रेघेच्या अलीकडे गुलाबी, पलीकडे नुसती रुपेरी पानं. आणि दोन्ही डोणींतली रोपं एकाच मूळ उशीचे तुकडे होते. माती तीच, ऊन तेच. झाडं अशी रेघ ओढत नाहीत. रेघ माणूस ओढतो.

"मी मोर्शीला ताईकडे गेले होते, तेव्हा तू यांना काही केलंस?"

"काही नाही. गळ्याशी जरा बुरशी दिसली, म्हणून औषध मारलं. दुसऱ्या डोणीत अर्ध्यातच संपलं."

"कुठलं औषध?"

"ते काय, ईशूनं दिलेलं. बुरशीचं. दर संक्रांतीला मारतो ना मी." तो थोडा ओशाळला. "ती म्हणाली होती, संक्रांतीलाच मारा, आईला सांगू नका, ती औषधांवरून कटकट करते. पण बुरशी काय तिळगूळ खायची वाट पाहते का?"

मी फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करायला लागले. हाताला काहीतरी काम हवं होतं.

"किती वर्षं मारतोयस?"

"झाली असतील तीनेक. काऊन? चुकलं का माझं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर बुरशी मारल्याचं समाधान होतं, ते मी पुसलं नाही. मला मात्र मंडळातले लोक आठवायला लागले, ज्यांनी माझ्याकडून सासूबाईंचे तुकडे नेले आणि ज्यांच्याकडे त्या कधीच फुलल्या नाहीत. खंडारे सरांना मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "सर, तुम्ही पाणी फार घालता." त्यांनी बिचाऱ्यांनी पाणी कमी केलं होतं.

ईश्वरी दुपारी येणारच होती, कोजागिरीच्या दुधाला. दरवर्षी येते. ती गाडीतून उतरली, बाबांच्या गळ्यात पडली, मग पिशवी झुलवत अंगणात आली. डोणीकडे तिची नजर गेली. ती दचकली नाही, "अय्या" म्हणाली नाही. तिने वळून आधी बाबांकडे बघितलं.

तेव्हा मला कळलं.

"बाटलीत काय होतं, ईशू?"

"आई, आधी पाणी तरी पिऊ दे."

"बाटलीत काय होतं?"

ती पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली, लहानपणी शाळेतून मार खाऊन आली की दप्तर घ्यायची तशी.

"पौष," ती म्हणाली.

ती पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथे त्यांनी हे बनवलंय. आरएनएचा एक बारीक तुकडा, तेलाच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेला. पानांवर फवारला की तो शेंड्यापर्यंत जातो आणि जी घडी थंडीने आठवडेच्या आठवडे लावून पडते, ती दोनचार दिवसांत घालून टाकतो. ब्रेक बंद. झाडाला वाटतं, हिवाळा होऊन गेला. न झालेल्या हिवाळ्याची आठवण. मग अकोल्याच्या गॅलरीत ट्युलिप येतील, मैदानात कोबीचं बी धरेल, ज्या पिकांचा हिवाळा हरवलाय त्यांना तो बाटलीतून मिळेल. ती बोलत गेली तसा तिचा आवाज सावरत गेला. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना ती सुंदर दिसते. त्याही क्षणी दिसली, याचा मला राग आला.

"आणि मी?"

"चाचणी होती. लावणाऱ्याला कळून चालत नाही, आई. कळलं की माणूस जास्त काळजी घेतो, त्याला नाही ते दिसायला लागतं. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी बाटली द्यायची."

"सगळ्यांना असंच फसवलं?"

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"ईशू."

"बाकीच्यांना चाचणी चाललीय एवढं माहीत होतं. त्यांनी होकार दिला होता. कुठल्या डोणीवर काय, एवढंच माहीत नव्हतं." ती नखाने पिशवीचा बंद कुरतडत होती. "तुझ्या होकाराची सही मी केली. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते. मग माझ्याच डोणीवर का अडलं होतं?"

"कारण तू खोटं सांगत नाहीस. बाकीचे दोन फुलं आली तरी डोण भरली म्हणून सांगतात. तू अर्धवट उमललेली कळी फुलांत धरत नाहीस. तुझ्यासारखं बघणारं कुणी नव्हतंच आमच्याकडे."

एवढं मोठं कौतुक माझं आयुष्यात कुणी केलं नव्हतं. ते घेऊन कुठे ठेवू, ते मला कळेना.

"पहिल्या वर्षी फुललं तेव्हाच सांगायचंस."

"सांगणार होते. पण बाबांनी गावभर कॉफी पाजली. खंडारे सर येऊन गेले. तू फोनवर रडत होतीस, आई. काय सांगू तुला? आणि तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत काही बोलायचं नाही, असं बंधन होतंच. मला ते बरं पडलं."

"बी तू नेलंस."

यावर तिने मान वर केली नाही. त्या उन्हाळ्यात ती मैत्रिणींबरोबर हिमाचलला निघाली होती आणि मी माहेरचा वाटा तिच्याच हाती दिला होता. पोस्टाने कशाला, लेकीच्या हाताने जाऊ दे, म्हणून. पद्माने तिला हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी घातली, जेवू घातलं. फोटोत दोघी हसतायत. तो फोटो आमच्या खोल्यांच्या व्हरांड्यात भिंतीवर लावलाय, येणारेजाणारे पर्यटक विचारतात.

"टोपी घालून घेतलीस तेव्हा तुला ठाऊक होतं, की त्या पुडीत साधं बी आहे."

"हो."

"आणि जेवलीस."

तिला रडू फुटलं, आणि रडताना तिची पुण्याची भाषा गळून पडली. "मले वाटलं, उगवनारच नाही ते. किती बी उगवते तुझं, तूच सांगते ना? कुठं उगवेल, कुठं जगेल, वाटलं जाईल वाया. ते लोकं आपल्या जुन्या उशा काढतील, हे मले काय माहीत व आई?"

प्रफुल्ल दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. "म्हणजे ते बुरशीचं नव्हतंच का?" त्याने विचारलं. तो तसाच आत गेला आणि भट्टी बंद केल्याचा आवाज आला.

मी फोन उचलला.

"कुणाला लावतेयस?" ईश्वरी उठलीच. "आई, थांब. डिसेंबरपर्यंत थांब फक्त. डिसेंबरात निकाल उघडतात. त्याआधी लावणाऱ्याला कळलंय असं झालं, आणि वर खोटी सही निघाली, तर माझा अख्खा गट बाद होईल. चार वर्षांचं काम. माझी नोकरीपण जाईल."

"डिसेंबरात बर्फ पडलेलं असेल. तोवर त्या बांधात एकही जुनी उशी राहणार नाही."

"मग त्यांना पौष देऊ की! मी पाठवते. लागेल तेवढं, फुकट. नवी रोपं फुलतील, मधमाश्या येतील. कुणाचं नुकसान नाही." तिने माझा हात धरला. "आणि कुणाला कळणारही नाही. सासूबाई तुझ्याच नावावर राहतील. तू घडवलेलं झाड म्हणूनच."

मी खरं ते सांगते. क्षणभर मी ते चित्र पाहिलं. पद्माचे बांध गुलाबी, मधमाश्या, आणि खंडारे सर डोणीसमोर उकिडवे. फक्त दरवर्षी कुणीतरी गुपचूप एक बाटली मारायची. दरवर्षी, कायमची.

"आणि एखाद्या वर्षी बाटली पोचली नाही तर?" मी विचारलं.

तिने माझा हात आणखी घट्ट धरला.

"कंपनीने बनवायचीच बंद केली तर? ताटाएवढ्या उशा उकिरड्यावर, आणि त्यांच्या जागी नाण्याएवढी रोपं, जी त्यांच्यापेक्षा तसूभरही वेगळी नाहीत."

"आई, मी मरेन गं."

"मरत नसतं कुणी," मी म्हटलं. तिचा हात सोडवला. मग मी पद्माला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, म्हणजे जे बोलायचं ते ईश्वरीसमोर होईल.

मागे बायकांचा कलकलाट होता, दगडावर पहार आपटत होती. "दीदी! बोलो बोलो, दूसरी दीवार चल रही है."

"पद्मा, रोको. सबको रोको."

मग मी सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत, न सजवता. औषध, घडी, खोटा हिवाळा. लेकीने केलं, हेही सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, हेही सांगितलं, आणि सांगताना जाणवलं की त्याने तिच्या बांधाला काही फरक पडत नाही.

पहारीचा आवाज थांबला होता.

"तो आपके यहाँ," पद्माने सावकाश विचारलं, "अपने आप कभी खिला ही नहीं?"

"नहीं," मी म्हटलं. "कभी नहीं."

माझी सगळी वर्षं त्या दोन शब्दांत संपली. वाटलं होतं तितका वेळही लागला नाही.

पद्मा तिच्या भाषेत बायकांना काहीतरी म्हणाली. एक म्हातारा आवाज चढला. मग ती परत फोनवर आली, आणि तिच्या आवाजातलं 'दीदी' गेलं होतं. "आपके कहने पर निकाले हमने. मेरी दादी के हाथ के थे. हम तो आपको पूछ के पानी भी देते थे इनको."

मी ऐकून घेतलं. अजून बरंच बोलली. तेही ऐकून घेतलं. तिचा राग मला ओळखीचा होता; सकाळपासून मी तोच अंगात घेऊन फिरत होते.

"निकाले हुए कहाँ हैं?" तिचं बोलून झाल्यावर मी विचारलं. "फेंक दिए?"

"फेंकते कैसे? घर में रखे हैं. चूल्हेवाले कमरे में. बाहर पाला पड़ रहा है, जड़ें खुली हैं." मग नाइलाजाने, कारण विचारायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून, तिने विचारलं, "अब क्या करें इनका?"

मला उत्तर माहीत नव्हतं. उघड्या मुळांवर पाला, म्हणजे गोठलेलं दव, हे माझ्या डोणींत कधी घडलेलंच नाही. माझं मन म्हणत होतं, आतच ठेवा, उबेत.

"बाहेर काढा म्हणावं," ईश्वरी पायरीवरून म्हणाली. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ. तिने फोनजवळ येऊन हिंदीत सांगितलं. घडी अजून अर्धवटच पडलीय; चुलीच्या उबेत मिळालेली थंडी पुसली जाते आणि ती पुन्हा उलगडते. शिवाय उबेत त्यांना कोंब फुटतील आणि ते कोवळे कोंब नंतर थंडीने मरतील. आजच्या आज, उजेड आहे तोवर, बांधाच्या उत्तरेला खडीत पुरा, गळ्यापर्यंत. पाला पडला तरी आत आणू नका. बर्फ पडलं की तीच त्यांची गोधडी. यंदा फुलणार नाहीत, पण जगतील.

मग पद्माने विचारलं, "ये कौन बोला?"

"मेरी बेटी."

"वही, जो बीज लाई थी?"

"हाँ."

"सच बोल रही है?"

मागे बायका कुजबुजत होत्या. उघड्या मुळांची आजीच्या काळची झाडं पाल्यात टाकायची, आणि ते कुणाच्या शब्दावर, असंच त्या म्हणत असणार. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

"आधे बाहर, आधे अंदर रखो," मी म्हणू लागले. "देखते हैं कौन-से..."

"आई." ईश्वरीने माझ्या दंडाला हात लावला आणि काढून घेतला. "आतल्या अर्ध्या मरतील. सगळ्या बाहेर काढायला सांग. मी खरं सांगून राहिली."

मी तिच्याकडे वळले. नाक लाल झालेलं, कपाळावर केस चिकटलेले. डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण. हा चेहरा मी तिच्यापेक्षा जास्त पाहिलाय. तीन वर्षं, दर संक्रांतीला हाच चेहरा माझ्या हातावर तिळगूळ ठेवायचा आणि मला त्यात काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. आता मी त्यात शोधत होते. डोळ्यांत, ओठांच्या कडेला, जिथे कुठे खोटं लपत असेल तिथे. मी बराच वेळ बघत राहिले. तिने बघू दिलं.

"सच बोल रही है," मी फोनमध्ये म्हटलं. "सब बाहर निकालो."

पद्माने फोन ठेवला. ईश्वरीने सुस्कारा सोडला आणि तिथेच, डोणीला टेकून, खाली बसली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला नाही. ‘सच बोल रही है’ हे बोलण्याआधी मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं होतं. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं, आणि ते तिलाही कळलं होतं.